मावशींना विचारलंय

हे मी आजवर कुणालाही सांगितलेलं नाही. पप्पांना नाही, आईला नाही, कंपन्यांच्या गेटवर माझ्याबरोबर पत्रकं वाटणाऱ्या पोरींनाही नाही. एकदा सांगायच्या अगदी बेतात आले होते — पण समोरच्यानं तेवढ्यात माझं कौतुक सुरू केलं, आणि मी ऐकत बसले. कौतुक चालू असताना मध्येच खरं कसं बोलायचं? तुम्हाला जमतं का? मला जमलं नाही.

तुम्ही या पट्ट्यातले असाल तर मला एका पत्रकामुळे ओळखत असाल. 'कुसुमताई परत येणार नाहीत, असं म्हणणारे तुम्ही कोण?' — हा मथळा. पिंपरीपासून चाकणपर्यंत कितीतरी गेटवर ते वाटलं गेलं, मग मोबाईलवरून फिरत राहिलं. ते मी लिहिलं होतं. त्यातला शब्द न् शब्द खरा आहे. आजही मी त्यातलं एक अक्षर मागे घेणार नाही. पण त्या पत्रकाच्या आडून मी एक वाक्य बोलले. दोनच शब्दांचं. ते कुठेच छापलेलं नाही.

थांबा. त्या वाक्यापर्यंत मला सरळ जाता येणार नाही. आधी माणसं सांगते.

कुसुममावशी आमच्या शेजारची. काळेवाडीत तिची आणि आमची खोली भिंतीला भिंत लागून. तिच्याकडे फोडणी पडली की ठसका आम्हाला. धाराशिवकडून नवऱ्याबरोबर आली, नवरा लवकर गेला, आणि एका मुलीला घेऊन ती इथेच राहिली. चाकणच्या एका कंपनीच्या कॅन्टीनमध्ये स्वयंपाक करते. मुलगी म्हणजे शीतल. माझ्याच वर्गातली — महापालिकेच्या शाळेत आम्ही एका बाकावर बसलो, एकीच्या डब्यातलं दुसरीनं खाल्लं. शीतलचं लग्न अमोलशी झालं. अमोल डिप्लोमावाला, रोबो बसवण्याच्या कामात हुशार. त्याच्या कंपनीनं त्याला आपल्या मूळ देशातल्या कारखान्यात काही वर्षांसाठी पाठवलं, आणि शीतलही गेली.

तो देश कोणता ते लिहीत नाही. पूर्वेकडचा आहे, एवढं पुरे. नाव लिहिलं तर एका बाईंची नोकरी जाऊ शकते, आणि त्या बाईंनी कुणाचंच काही वाईट केलेलं नाही. चाकणला त्या देशाच्या लिपीतल्या पाट्या तुम्ही पाहिल्याच असतील. त्यांच्या साहेबांसाठी वेगळी हॉटेलं आहेत. मावशीच्या कॅन्टीनमध्येही ते साहेब जेवतात, आणि त्यांचा चिकट भात, बिनतिखटाचं सूप ती बघून बघून शिकली. "मसाला नको, तेल नको, मीठ बी भीत भीत — आजारी माणसाचं जेवण जेवतेत बिचारे," म्हणायची. पण करायची मन लावून. साहेब बाहेर जाताना तिला वाकून नमस्कार करत, ते तिला फार आवडायचं.

शीतलला दिवस गेले. आधी दोनदा टिकलं नव्हतं, म्हणून डॉक्टरांनी विमान प्रवासाला साफ नाही सांगितलं. आता पहिलं बाळंतपण माहेरी, हे आपल्याकडे ठरलेलं. मुलीला माहेरी येता येत नसेल तर माहेरानं उठून तिच्याकडे जायचं — मावशीनं हे इतक्या सरळपणे ठरवलं की त्यात कुठे दोन सरकारं, एक वकिलात आणि एक शिक्का येतो हे तिच्या गावीही नव्हतं. डिंक आणला, खारीक आणली, बाळंतशेपा निवडून ठेवल्या. जुन्या सुती साड्या फाडून दुपटी शिवली. अर्ज मी भरला. फोन नंबर माझाच दिला — आमच्या गल्लीतल्या निम्म्या अर्जांवर माझाच नंबर असतो, कारण साहेबी फोन आला की लोक घाबरतात आणि मी घाबरत नाही, असा माझा लौकिक आहे.

अर्ज नाकारला. कारण एका ओळीचं: अर्जदार मुदतीत मायदेशी परत येईल याची खात्री वाटत नाही.

का नाही वाटत? विधवा आहे. घर तिच्या नावावर नाही. नोकरी कंत्राटी. म्हणजे गरीब माणूस हाच न परतणारा माणूस. ज्या देशाच्या साहेबांना ती रोज दुपारी वाढते, त्या देशाला भीती की ही बाई आमच्याकडे येऊन राहील! मी संतापले. मावशी मात्र पदरानं हात पुसत म्हणाली, "मी न्हाई परतणार? अन् माझं कॅन्टीन कोण बघंल? ह्यांचेच साहेब उपाशी मरतेल की."

त्याच दिवसांत दोन्ही देशांची बोलणी चालू होती. साध्या नागरिकांना महिनाभर विनाव्हिसा जाता-येता यावं, यासाठी. कधी दिल्लीत बैठक, कधी त्यांच्या राजधानीत. टीव्हीवर लांबलचक टेबल दिसायचं, मधे दोन चिमुकले झेंडे, प्रत्येकापुढे पाण्याची बाटली. मी त्या बातम्या वाचून वाचून त्यांची भाषा शिकले. 'चर्चा सकारात्मक वातावरणात पार पडली' म्हणजे काहीच ठरलं नाही. 'तत्त्वतः सहमती' म्हणजे पुढच्या वर्षी बघू. 'उर्वरित मुद्दे कार्यगटाकडे' म्हणजे विसरा. अडलं होतं कुठे, माहीत आहे? त्यांना यादी हवी होती की कुणाला येऊ द्यायचं आणि कुणाला नाही — पगार किती, खात्यात किती, मालमत्ता काय. आमच्या लोकांना त्यात अपमान वाटत होता, पण देशाचा, मावशीचा नव्हे. मावशी त्या टेबलावर कुणाच्याच बाजूला नव्हती.

तिला मी एवढंच सांगितलं होतं, की हे जमलं तर व्हिसाच लागणार नाही, तिकीट काढायचं आणि बसायचं. मग रोज शिफ्टहून आली की ती आमच्या दारात उभी राहून विचारायची, "काय गं वैशे, जेवले का तुझे मंत्री?"

"बसलेत अजून."

"बसलेतच व्हय? एवढ्या वेळात माझ्या कॅन्टीनला तीन शिफ्ट जेवून गेल्या असत्या." आणि हसत हसत कुलूप उघडायची. आत गेल्यावर हसायची का, ते मला माहीत नाही. भिंत पातळ आहे आमची, पण तेवढं ऐकू येत नाही.

आता माझ्याबद्दल. मी पत्रकांवर वाढले. आमच्या पलंगाखाली धान्याच्या डब्यांशेजारी पत्रकांचे गठ्ठे असायचे. पप्पा पिंपरीच्या एका कंपनीत लेथवर होते आणि युनियनमध्ये पुढे. चौदा एप्रिलला इतर पोरींना फ्रॉक मिळायचे, मला पुस्तिका — आणि मला तेच हवं असायचं. बाराखडी पुरती यायच्या आधी 'कामगार बंधू-भगिनींनो' हे मला एका दमात वाचता यायचं. पप्पांनी पत्रक लिहायचे दोन नियम शिकवले. एक — पत्रकात एकच माणूस ठेव. हजारांवर अन्याय झाला म्हटलं की कुणाला काही वाटत नाही. एकीचं नाव सांग, ती काय खाते ते सांग, मग लोक थांबून वाचतात.

आणि दुसरा नियम लिहिण्याचा नव्हता, लढण्याचा होता. एकट्याचं सेटलमेंट घ्यायचं नाही.

या पट्ट्यात वाढलेल्यांना हे सांगावं लागत नाही, बाकीच्यांसाठी सांगते. संप लांबला की मॅनेजमेंट एकेकाला गुपचूप बोलावते. तुझं काम करून देतो, बाहेर बोलू नको. तो एक आत गेला की बाकीचे फुटतात. पप्पांच्या कंपनीत टाळेबंदीच्या वेळी असाच एक जण आत गेला. चांगला माणूस होता, घरी आजारपण होतं. पण गेला. त्यानंतर गल्लीत कुणी त्याच्या घरचं पाणी प्यालं नाही. त्याच्या मुलीच्या लग्नाला मांडव अर्धा रिकामा होता. पप्पा आजही त्याचं नाव घेत नाहीत. मी लहान होते, पण एक गोष्ट माझ्या हाडात बसली — उपाशी राहिलेलं चालेल, एकट्यानं घेतलेलं चालणार नाही.

हे मी का सांगतेय? स्वतःला वाचवायला? तसं वाटत असेल तर हा परिच्छेद वाचू नका.

पत्रक पेटलं. खरंच पेटलं. तळेगावहून, भोसरीहून फोन येऊ लागले. कुणाच्या भावाचा व्हिसा नाकारलेला, कुणाची बायको तिकडे अडकलेली. बोलण्यांची पुढची फेरी जवळ आली होती, म्हणून आम्ही पिंपरीत सभा ठरवली. गुरुवारी, कारण कंपन्यांना सुट्टी गुरुवारची. मागणी एकच: यादी नको, सगळ्यांना सारखा नियम. व्यासपीठावर मधोमध कुसुममावशी. फ्लेक्स छापून आले होते. त्यावर तिचा फोटो, हातात कॅन्टीनचा झारा.

आणि सभेच्या चार-पाच दिवस आधी मला फोन आला.

मी चाकणच्या एका गोदामात मालाच्या नोंदी करते. जेवणाच्या सुट्टीत बाहेर चहाच्या टपरीवर उभी होते, समोरून कंटेनर जात होते, एका कानात बोट घालूनच ऐकावं लागत होतं. पलीकडे एक बाई. मराठीच, आवाज दबका. वकिलातीतून बोलतेय म्हणाल्या. तुमचं पत्रक इथे कुणीतरी भाषांतर करून साहेबांना दाखवलं. साहेब अर्ज पुन्हा बघायला तयार आहेत. कुसुमताईंना घेऊन मुंबईला या, कंपनीचं एक पत्र आणा, ती परत कामावर येणार आहे एवढंच. "बहुतेक होईल," त्या म्हणाल्या. "मी उगाच बहुतेक म्हणत नाही." फक्त एक — हे कुठे लिहू नका, सभेत बोलू नका. वर बोलणी चालू आहेत, आत्ता गवगवा नकोय कुणाला.

गुपचूप. एकटीला. बाहेर बोलू नको.

माझ्या डोक्यात काय झालं ते मला नेमकं सांगता येतं, आणि हेच वाईट आहे — मी गोंधळले नव्हते. मला आनंद झाला. त्यांना घाम फुटलाय याचा आनंद. मी त्या बाईंना भाषण दिलं. टपरीवरचे दोन ड्रायव्हर चहा थांबवून ऐकू लागले, तेव्हा तर माझा आवाज आणखी चढला. आम्हाला मेहेरबानी नको, नियम हवा. एका कुसुमताईंना आत घेऊन बाकीच्यांना बाहेर ठेवणार असाल, तर आम्ही बाहेरच बरे आहोत. असं बरंच काही.

त्या बाईंनी ऐकून घेतलं. मग म्हणाल्या, "ताई, तुमचं सगळं बरोबर आहे. पण तुम्ही त्यांना विचारा तरी एकदा. मुलीचे दिवस भरत आलेत ना त्यांच्या?"

आणि मी म्हणाले — "मावशींना विचारलंय."

हे ते वाक्य.

विचारलं नव्हतं. फोन येऊन पाच मिनिटं झाली नव्हती, मावशी त्या वेळी चार-पाच किलोमीटरवर कॅन्टीनमध्ये भाताचं भांडं उतरवत असेल. विचारलं नव्हतं आणि विचारणारही नव्हते. कारण विचारलं तर ती काय म्हणेल ते मला माहीत होतं. ती पिशवी उचलून निघाली असती. चपला घालता घालता म्हणाली असती, चल.

बाई म्हणाल्या, "मग ठीक आहे." फोन ठेवला. एक ड्रायव्हर मला म्हणाला, "भारी बोलला राव ताई तुम्ही." मी त्याचे चहाचे पैसे दिले.

आता तुम्हाला वाटेल, एका क्षणाची चूक. मलाही कितीतरी दिवस तसं म्हणायचं होतं. पण नंबर माझ्या फोनमध्ये होता. त्या संध्याकाळी मावशी दारात आली, "जेवले का मंत्री?" म्हणाली. मी म्हणाले, "पुढच्या आठवड्यात बसणारेत, या वेळी होईल बघ." दुसऱ्या दिवशी आली. तिसऱ्या दिवशी आली. दर वेळी मला तो फोन उलटा लावता आला असता. दर वेळी मी तिला पुन्हा एकदा विचारलं नाही. ते एक वाक्य एकदाच बोलले, पण खोटं मी रोज केलं.

आणि तो नियम? पप्पांचा? तो मी अर्धाच पाळला हेही मला तेव्हाच माहीत होतं. एकट्याचं सेटलमेंट नाही म्हणायच्या आधी गेटवर सभा व्हायची. ज्याच्या घरी चूल बंद आहे त्यालाही विचारलं जायचं, हात वर करायला सांगितलं जायचं. मी पप्पांच्या खांद्यावर बसून ते हात पाहिलेत. मी मावशीला हात वर करू दिला नाही. तिच्या वतीनं मीच केला.

माझ्या मनात आणखी काही होतं का? शीतल गेली आणि मी इथेच राहिले, त्याचं? असेल. खणून बघितलं तर सापडेल. पण ते सापडून काय करू? त्यानं काही कमी होत नाही.

सभा मोठी झाली. मावशी पांढऱ्या साडीत, गळ्यात हार. माईक धरता येईना तिला, मी धरला. ती म्हणाली, "मला तिथं ऱ्हायचं न्हाई. मला लेकीला चार दिवस गरम खाऊ घालायचंय, बाळाला तेल लावायचंय. मग पाठवा म्हणावं परत, न्हाई कोण म्हणतंय?" लोक रडले. मीही रडले — आणि खरं सांगते, त्या वेळी मला आपण खोटं वागतोय असं वाटलंच नाही. त्याचं आजही मला नवल वाटतं.

पुढच्या आठवड्यातली फेरी पुढे ढकलली गेली. मग आणखी पुढे. बोलणी करणारे बदलले, निवडणुका आल्या, तिकडे सरकार बदललं. शीतलचे दिवस कुणासाठी थांबणार होते?

ऑपरेशन करावं लागलं. अमोलला जेमतेम रजा मिळाली, मग तो कामावर आणि ती घरात एकटी, टाके, आणि रडणारी मुलगी. मावशी इथून फोनवर टॉवेलची गुंडाळी करून दाखवायची — अशी पालथी घे पायावर, मानेला हात दे, डोळ्यांत पाणी जाऊ देऊ नको. शीतल तिकडे फोन नळाला टेकवून बघायची. कधी फोन पडायचा, आणि मावशी नुसता छताचा पांढरा रंग बघत हाका मारत बसायची. एकदा शीतल म्हणाली, "आई, मला तिला उचलावंसंच वाटत नाही गं." मावशीनं हे माझ्या आईला सांगितलं, दारात उभी राहून, आमच्या दिव्याच्या उजेडात. मी आत बसले होते. डिंकाचा डबा तेव्हा तिनं आमच्या घरी आणून ठेवला. म्हणाली, तुम्ही खा, वास यायला लागलाय.

मग शीतलनं सभेचा व्हिडिओ पाहिला. कुणीतरी तिला कौतुकानं पाठवला होता. ती आईला म्हणाली, "तू तिथं हार घालून बसलीस, आणि मी इथं मरत होते." मावशी म्हणाली, अगं पण तुझ्यासाठीच. शीतल म्हणाली, माझ्यासाठी पुन्हा एक अर्ज तरी केलास का? — पुन्हा अर्ज करू नको, आता नियमच बदलेल, हेही मावशीला मीच सांगितलं होतं.

त्यानंतर शीतलचे फोन कमी झाले. आता सणाला येतात. नात बोलायला लागली आहे, पण तिकडची भाषा. पडद्यावर आजी दिसली की अमोलच्या मागे लपते. मावशी म्हणते, "तिला टाइम नसतो गं." एवढंच. तिनं लेकीला कधी उलटून उत्तर दिलं नाही. तिच्याकडे उत्तर नव्हतंच. उत्तर माझ्याकडे होतं.

आणि मी? मला बोलावणी येऊ लागली. निर्भीड लेखिका म्हणून ओळख करून देतात. पुनावळ्याच्या एका सोसायटीत तर मला शाल दिली, 'सत्तेपुढे खरं बोलणारी' म्हणून. मी ती घेतली. घरी येऊन घडी घालून कपाटात ठेवली.

मागच्या महिन्यात करार झाला.

होय, झाला. इतक्या वर्षांनी. दोन्ही बाजूंचे लोक उभे, सह्या, हस्तांदोलन, ऐतिहासिक पाऊल. मी गोदामातच बातमी उघडली आणि शेवटपर्यंत वाचली. विनाव्हिसा प्रवास — राजनैतिक आणि अधिकृत पासपोर्ट असलेल्यांसाठी. म्हणजे वकिलातीतले, मंत्रालयातले. सामान्य नागरिकांचा विचार पुढच्या टप्प्यात. जे टेबलाच्या दोन्ही बाजूंना बसले होते, त्यांनी एकमेकांचा प्रवास सोपा करून घेतला आणि उठले! संध्याकाळी मावशीला सांगितलं. ती हसायलाच लागली. "म्हंजे जे जेवत होते, त्यांचंच झालं व्हय." आणि मग माझा चेहरा बघून तिनं माझ्या पाठीवर हात ठेवला. "जाऊ दे माय. तू तरी माझ्यासाठी उभी ऱ्हायलीस. दुसरं कोण होतं मला?"

मी घरी आले आणि पत्रक लिहायला बसले. माझ्याकडे राग तयार होता, शब्द तयार होते. पहिली ओळ लिहिली: 'ज्यांच्या आयुष्याचा प्रश्न होता, त्यांना न विचारता यांनी परस्पर ठरवून टाकलं.'

त्यापुढे लिहिता येईना. ती ओळ मी किती वेळ वाचत होते कोण जाणे. शब्द न् शब्द खरा होता. आणि तो मी त्यांना म्हणायचा?

पत्रक राहिलं. त्याऐवजी हे लिहिलं. तुमच्याकडे मला काही मागायचं नाही.

इथवर आज दुपारी लिहून झालं, आणि मग लक्षात आलं की हेही मी मावशीच्या आधी तुम्हाला सांगतेय. तेव्हा उठून शेजारी गेले. ती मेथी निवडत होती. मी उभ्या उभ्याच सांगितलं — फोन आला होता, बोलावलं होतं, बहुतेक होईल म्हणाल्या होत्या, आणि मी त्यांना म्हणाले की मावशींना विचारलंय.

ती निवडत राहिली. एक जुडी संपली. मग म्हणाली, "कधी बोलावलं होतं?"

हे मी वर लिहिलेलं नाही. तुम्हाला लक्षात आलं असेल तर आलं असेल. सगळं कबूल करायला बसले आणि तेवढं तरीही झाकून ठेवलं.

"गुरुवारी," मी म्हणाले.

"कोणत्या?"

"सभेच्या."

तिनं मान वर करून माझ्याकडे पाहिलं. ओरडली नाही. मला वाटलं होतं ओरडेल, मी त्याची तयारी करून गेले होते. ती उठली, हात धुतले, पदराला पुसले, आणि शेल्फवरून फोन घेऊन शीतलला लावला. सण नव्हता, काही नव्हतं. पलीकडून शीतल घाबरून म्हणाली, "काय झालं आई?" मावशीनं फोन माझ्या हातात दिला.

"सांग तिला."

मी सांगितलं. दिवसासकट. मागे नातीचं काहीतरी चाललेलं ऐकू येत होतं. माझं झाल्यावर मावशीनं फोन परत घेतला, मला खांद्याला धरून उंबऱ्याबाहेर केलं आणि दार लावून घेतलं.

मी आमच्या खोलीत आले. भिंतीपलीकडून आवाज येत होता, आधी एकीचा, मग दोघींचा. मी रेडिओ लावला, मोठ्यानं, आणि आई काय झालं विचारत आली तोवर तो बंद केला नाही.